ऑफिसचं नेट आणि कर्मचाऱ्यांचा खासगी वापर : आम्ही बसवलेली पद्धत

डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात नेटवर्क आणि प्रशासन ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. ३५ माणसं, एक फायबर लाइन (डाउनलोड १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, अपलोड २०), आणि पावसाळ्यात केबल तुटली तर आधाराला एक फोरजी राउटर. गोव्यातल्या बहुतेक मध्यम ऑफिसांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं, म्हणून इथली पद्धत सविस्तर लिहितो.

सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : "बाब, ते यूट्यूब एकदाचं बंद करून टाका, नेट चालत नाही." नेट चालत नाही ही तक्रार खरी असते. यूट्यूबचं कारण मात्र तपासल्याशिवाय मान्य करू नये. कमीत कमी दोन आठवडे नुसतं मोजा, कशालाच हात लावू नका. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर विनबॉक्स या त्याच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये 'टॉर्च' उघडून लॅनची, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची बाजू निवडली की कोणता आयपी पत्ता (म्हणजे कोणतं यंत्र) या क्षणी किती खेचतोय ते समोर दिसतं. मोजण्याआधी लोकांना सांगा की आपण मोजतोय. या टप्प्यावर कोण काय बघतो याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं, फक्त किती आणि केव्हा एवढंच हवं असतं.

आमच्याकडे टॉर्चमध्ये सकाळी जे दिसलं ते नीट बघण्यासारखं आहे. माणसं साडेनऊच्या सुमारास येतात, फोन खिशातच असतो, पण वाय-फाय लागल्याबरोबर फोनमधली फोटोंची बॅकअप सेवा कालचे सगळे व्हिडिओ वर चढवायला घेते. लग्नसराईत किंवा गणेशचवथीनंतरच्या सोमवारी तर विचारूच नका. अपलोडचे २० एमबीपीएस काही मिनिटांत भरतात. अपलोड भरलं की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या प्रत्येक डेटाची पोच उलट पाठवावी लागते आणि ती पोचच रांगेत अडकते. कुणीही काहीही बघत नसताना नेट मंद होतं ते असं.

दुसरा खाणारा म्हणजे विंडोजचे अपडेट. मायक्रोसॉफ्ट ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, त्यामुळे बुधवारी सकाळी सगळे संगणक एकदम चालू झाले की एकदमच डाउनलोड सुरू होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून फक्त स्थानिक नेटवर्कचा पर्याय निवडला की संगणक एकमेकांकडून तुकडे घेतात आणि बाहेरचा भार बराच उतरतो.

व्हिडिओचा वाटा तिसरा. हिशेब साधा आहे : एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो. दुपारी दोघांनी बघितला तर १० एमबीपीएस, कुणाला कळतही नाही. भारताची मॅच असली आणि पंधरा जणांनी लावली तर ७५. त्या दिवशी प्रश्न खरा असतो, पण तो त्या दिवसापुरता. व्हॉट्सअ‍ॅपचे मजकूर, बँकेचं अ‍ॅप, रेल्वेचं तिकीट यांचा भार नगण्य.

मोजमाप हातात आल्यावर नेटवर्क वेगळं करा. कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी वेगळं वाय-फाय नाव आणि वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं काढलेलं नेटवर्क), ऑफिसच्या संगणकांसाठी वेगळा, पाहुण्यांसाठी वेगळा. फोनच्या व्हीलॅनवरून अकाउंटचा सर्व्हर, प्रिंटर, सीसीटीव्ही यांकडे जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद, आणि वाय-फाय देणाऱ्या यंत्रावर (अ‍ॅक्सेस पॉइंट) 'क्लायंट आयसोलेशन' चालू, म्हणजे एक फोन दुसऱ्या फोनपर्यंत पोचत नाही. मग फोनच्या व्हीलॅनवर मर्यादा : सिंपल क्यू या राउटरमधल्या वेगमर्यादेच्या सोयीत त्या पूर्ण गटाला अपलोड ४ आणि डाउनलोड २५ एमबीपीएस, आतमध्ये पीसीक्यू या प्रकारच्या रांगेने समान वाटप. एकटा फोन असेल तर त्याला सगळे २५ मिळतात, वीस फोन आले तर तेवढेच सगळ्यांत वाटले जातात. ऑफिसची लाइन त्यामुळे सुरक्षित राहते आणि साइटच्या याद्या करत बसावं लागत नाही.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये 'फास्टट्रॅक'चा (वाहतूक जलद वाटेने सोडण्याचा) नियम चालू असतो आणि त्यातून जाणारी वाहतूक सिंपल क्यूला वगळून जाते. मर्यादा घातलेली दिसते, पण लागू होत नाही. फास्टट्रॅक बंद करा, किंवा फोनचा व्हीलॅन त्यातून वगळा, आणि मग स्पीड टेस्ट करून खात्री करा.

दुसरी अडचण फोन ओळखण्याची. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) देत नाहीत, बनवलेला देतात. त्यामुळे मॅक पत्त्यांची यादी करून कुणाचा फोन कुठला हे धरून ठेवण्यात अर्थ उरलेला नाही. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड असलेलं लॉगिन द्यावं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड दिला तर महिन्याभरात तो शेजारच्या युनिटमध्ये, चहावाल्याकडे आणि ट्रकच्या ड्रायव्हरकडे पोचतो.

साइट बंद करायच्या त्या थोड्याच ठेवा : व्हायरस पसरवणाऱ्या, अश्लील, जुगाराच्या आणि टॉरंटच्या (लोक आपसांत मोठ्या फायली वाटतात त्या). डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, तिच्यावरच्या फिल्टरने हे भागतं. पण ब्राउझर स्वतःचा 'सुरक्षित डीएनएस' वापरू लागले की फिल्टर वळसा घालून पार होतो, म्हणून ऑफिसच्या संगणकांवर तो पर्याय सगळ्या संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंगमधून बंद करावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या फोनवर तो बंद करण्याचा अधिकारही आपल्याला नाही आणि गरजही नाही. फोनमध्ये स्वतःचा डेटा असतोच. समाजमाध्यमं बंद केली तर माणूस तेच मोबाइल डेटावर बघतो, फक्त आता टेबलाखाली बघतो. ज्याचं काम वेळेत होत नाही त्याच्याशी विभागप्रमुखाने कामाबद्दल बोलावं. राउटर ते बोलणं करू शकत नाही, आणि माझ्या मते करूही नये.

उलट काही खासगी वापराला वेळ ठरवून मोकळीक द्यावी. आमच्याकडे सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडची माणसं बरीच आहेत. तत्काळ तिकीट वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं. चवथीला गावी जायचं असेल तर ती पाच मिनिटं महत्त्वाची असतात, आणि ती उघडपणे दिलेली बरी. वेळापत्रकाची दुसरी बाजू ऑफिसची : ७ तारखेला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण), १५ ला भविष्यनिर्वाह निधी, २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं भरण्याचं विवरण). या दिवशी अकाउंटच्या संगणकांना क्यूमध्ये वरची प्राथमिकता दिलेली असते. पोर्टल स्वतःच अडलं तर त्याला आपला इलाज नाही, पण आपल्या लाइनचं कारण तरी उरत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये फायबर जाऊन फोरजी लागलं की फोनचं वाय-फाय आपोआप बंद होतं. हे नियमात लिहिलेलं असल्यामुळे कुणी कुरकुरत नाही.

बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्यावर मात्र कसलाही खासगी वापर नाही, मालकाचाही नाही. खासगी ई-मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही, पेन ड्राइव्ह नाही. कुरिअर अडकल्याचा खोटा निरोप आणि त्यासोबतची झिप फाइल खासगी मेलमधूनच येते, आणि ती नेमकी या संगणकावर उघडली तर नुकसान बँडविड्थचं राहत नाही.

आता नोंदींविषयी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. यंत्रांची घड्याळंही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत. मायक्रोटिक स्वतःच्या स्मृतीत मुळात १००० ओळीच ठेवतो आणि वीज गेली की त्याही जातात. डिचोलीत जूनमध्ये वीज किती वेळा जाते हे इथल्यांना सांगायला नको. म्हणून लॉग एका वेगळ्या संगणकावर सतत पाठवत राहावे, आणि त्या संगणकाला यूपीएस द्यावा.

काय नोंदवायचं नाही हे त्याहून महत्त्वाचं. कीबोर्डवरचं प्रत्येक बटण टिपणारी किंवा दर मिनिटाला पडद्याचा फोटो काढणारी सॉफ्टवेअर विकायला येतात. ती घेऊ नका. त्यात कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्ड, आजारपणाचे कागद, घरचं बोलणं सगळं जमा होतं, आणि जमा झालेलं सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची काही मुभा देतो, पण सुरक्षिततेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. तयारीला तेवढा वेळ पुरतो, पण आजच सुरुवात केली तर.

न सांगता पाळत ठेवली तर काय होतं याचं एक ठळक उदाहरण युरोपातलं आहे. रुमानियातल्या बार्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याला ऑफिसच्या मेसेंजरवर खासगी गप्पा मारल्या म्हणून काढलं होतं. २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत कशी आणि किती असेल याची पूर्वसूचना त्याला होती का, हे तिथल्या न्यायालयांनी नीट तपासलं नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. तो निकाल आपल्याला बांधील नाही. पण आधी सांगणं ही गोष्ट मला कायद्याच्याही आधीची वाटते.

म्हणून नियम एका पानात, आणि लोक वाचतात त्या भाषेत. आमच्याकडे मराठी, इंग्रजी आणि हिंदी, शिवाय रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी वाचणाऱ्यांसाठी रोमीतही. त्यातला मधला परिच्छेद असा आहे : "ऑफिसच्या वाय-फायवर कोणत्या लॉगिनने किती डेटा वापरला आणि कोणत्या साइटच्या नावाशी जोडणी झाली एवढी नोंद होते. मेसेज, फोटो, पासवर्ड, बँकेचे व्यवहार यांतलं काहीही पाहिलं जात नाही. नोंदी १८० दिवस राहतात. एखाद्या व्यक्तीच्या नोंदी उघडायच्या असतील तर प्रशासन आणि विभागप्रमुख दोघांची लेखी सही लागते आणि त्या व्यक्तीला कळवलं जातं." हे पान वाचून दाखवा, प्रश्न घ्या, मग सही घ्या. पगारपत्रकासोबत टाचून सही घेतली तर कुणी वाचत नाही.

नियम मोडल्यावर 'पगारातून कापू' हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत अडचणीचा मार्ग. वेतन संहितेनुसार दंड आधी मंजूर झालेल्या कारणांसाठीच करता येतो, माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि दंड त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आमचा क्रम असा : आधी तोंडी बोलणं, मग लेखी समज, मग ठरावीक काळ फोनचं लॉगिन बंद. एक प्रकार मात्र या क्रमात बसत नाही. सहकारी बाईला अश्लील चित्रं दाखवणं हा २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळ आहे. ते प्रकरण नेटवर्कवाल्याचं नसून अंतर्गत समितीचं आहे, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती असावीच लागते.

माणूस नोकरी सोडतो तेव्हाचं कामही नियमात लिहून ठेवा. त्याचं लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद करायचं, पण त्याआधी त्याला संगणकावर अर्धा तास द्यायचा : ब्राउझरमध्ये साठवलेले स्वतःचे पासवर्ड पुसायला, मुलांचे फोटो, आधारची प्रत, शाळेच्या फीच्या पावत्या काढून घ्यायला. या वेळी शेजारी कुणीतरी बसावं, ऑफिसच्या फायली जाऊ नयेत म्हणून. त्यानंतरच तो संगणक पुसून पुढच्या माणसाला द्यायचा.