निपाणीचा लखोबा, निपाणीतच

गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाचं नाटक ठरलेलं असायचं. बाकीच्या वर्षांची नाटकं आता आठवावी लागतात, पण ज्या वर्षी ‘तो मी नव्हेच’ बसवलं ते वर्ष जसंच्या तसं डोळ्यांपुढं आहे. नावं बदलून बायकांना फसवणारा भामटा कोर्टात उभा राहून छातीठोकपणे सांगतो, आपण लखोबा लोखंडे, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी! आणि आमच्यासमोर पहिल्या रांगेत निपाणीचे खरेखुरे तंबाखूचे व्यापारी बसलेले. त्या वाक्याला जो हशा उसळला, तसा हशा दुसऱ्या कुठल्या गावात मिळाला नसेल.

अत्र्यांनी हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आणलं. तेव्हा निपाणी म्हैसूर राज्यात जाऊन सहा वर्षं झाली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवलेल्या माणसानं आपल्या गावाचं नाव नाटकात घेतलं, याचं वडीलधाऱ्यांना केवढं अप्रूप! लखोबा भामटा असला म्हणून काय झालं, गाव आमचं होतं.

लखोबा गाजवणाऱ्या प्रभाकर पणशीकरांच्या प्रयोगाला फिरता रंगमंच होता. आमच्याकडं दिवे घालवायचे, की चार पोरं साक्षीदाराचा पिंजरा उचलून पळायची. मी पट्टेवाला. लाल पट्टा लावून “हाजिर होऽऽ” एवढंच ओरडायचं, पण त्यासाठी महिनाभर घसा जपला होता.

लखोबा झाले होते आण्णा, एका वखारीतले दिवाणजी. लखोबाच्या सोंगांपैकी एक असलेल्या राधेश्याम महाराजांची कफनी अंगावर चढवली तरी त्यांच्या अंगाचा तंबाखूचा वास जायचा नाही. विंगेत कंदिलाच्या उजेडात आक्का उभी, एका हातात डिंकाची वाटी, दुसऱ्या हातात मिशी. आण्णा आत यायचे, मान वर करायचे, आक्का मिशी दाबून धरायची. दोघं एक शब्द बोलायची नाहीत. मला तो क्षण नाटकाइतकाच आवडायचा.

आणि उलटतपासणी! लखोबा स्वतःच स्वतःचा वकील. समोरची बाई ओळख पटवून सांगतेय आणि हा थंडपणे एकेक प्रश्न टाकून तिलाच खोटं पाडतोय. प्रेक्षक हसत होते, तेवढेच चिडतही होते. बायकांच्या बाजूला बिड्या वळणाऱ्या सगळ्या जणी बसलेल्या. त्यातली एक मावशी उठून उभी राहिली आणि साक्षीदाराला ओरडून म्हणाली, “आगं, घाबरतीस कशाला? सांग की जजसायबाला, ह्योच त्यो!”

मांडवात एकच गलका झाला. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. न्यायाधीश झालेल्या सरांनी हातोडा आपटला, “शांतता, शांतता!” आणि मावशीनं पदर सावरत त्यांनाच विचारलं, “मग निकाल कवा देताय?”