तुम्ही विचारलंत म्हणून: एचडीआरवाला मॉनिटर घेऊ का?

मी घरून डीटीपीची कामं करते आणि रात्री गेम खेळते, हे ठाण्यातल्या वाघबीळच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे दिवाळीचे सेल लागले की लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा तर पाण्याच्या टँकरवरून चाललेल्या मीटिंगमध्येसुद्धा कुणीतरी मोबाइल पुढे करतं. “ताई, हा फोर-के एचडीआर घेऊ का? काम पण होईल, गेमिंग पण होईल.”

उत्तर ठरलेलं आहे. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल (ठिपके) असलेला मॉनिटर, डोळे मिटून विकत घ्या. एचडीआर म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप काळं दोन्ही दाखवणं. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ या अक्षरांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. द्यायचेच असतील तर चांगले भरपूर द्या. थोडेसे जास्त देऊन थोडंसं एचडीआर मिळत नाही.

फोर-केची वकिली मी मराठीसाठी करते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंची क्वाड एचडीवर (फुल एचडी आणि फोर-के यांच्या मधला प्रकार) १०९ आणि २७ इंची फोर-केवर १६३. इंग्रजी अक्षरं कमी पिक्सेलमध्येही निभावून नेतात. आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक तो केवढा! शिरोरेघ सलग आहे की तुटली आहे आणि डोक्यावरची एक लहानशी गाठ, एवढाच. लहान टायपात ‘धन’चा ‘घन’ झालेला जुन्या पडद्यावर दिसतच नाही, छापून आल्यावर दिसतो. रफार आणि त्याला चिकटलेला अनुस्वार यांचंही तेच. फोर-केवर हे सगळं कागदासारखं सुटं दिसतं. विंडोजमध्ये स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सोय) १५० टक्के ठेवलं की कामाची जागा क्वाड एचडीएवढीच राहते, पण अक्षराला धार येते. जुन्या सॉफ्टवेअरचे मेनू तेवढे पुसट दिसतात. त्याला इलाज नाही.

गेमिंगची बाजू थोडी खर्चिक आहे. फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, क्वाड एचडीच्या सव्वादोन पट. तेवढे पिक्सेल दर सेकंदाला साठ-सत्तर वेळा रंगवायला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं. पण हल्ली गेममधली डीएलएसएस किंवा एफएसआर ही सोय चालू केली की कार्ड कमी पिक्सेलमध्ये चित्र काढतं आणि मग ते मोठं करून दाखवतं. त्यामुळे मधल्या फळीतल्या कार्डावरही माझं भागतं. पोराला फक्त नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळायचे असतील तर त्याला क्वाड एचडी आणि जास्त हर्ट्झ (सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा मॉनिटर) द्या, तो खूश राहील.

आता एचडीआर. साधं चित्र साधारण १०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून तयार केलेलं असतं, एचडीआरचं त्याच्या कितीतरी पट वर जातं. पण खरी गंमत उजेडात नाही. अंधाऱ्या गुहेत हातातली मशाल झगझगीत दिसावी आणि त्याच क्षणी बाजूची भिंत काळी कुळकुळीत राहावी, ही गंमत. बहुतेक मॉनिटरांत असतं त्या नेहमीच्या आयपीएस पॅनेलला हे जमत नाही, कारण मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकच. मशालीसाठी तो वाढवला की भिंतही राखाडी होते. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातलं उजेडाचं प्रमाण, हजारास एकच्या आसपास असतो. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा तीन हजारांपर्यंत जातो, पण तेवढ्यानंही गुहा काळी होत नाही.

मग खोक्यावर एचडीआर कसं लिहितात? पडद्यांचे मानदंड ठरवणाऱ्या वेसा या संस्थेनं डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिस्प्लेएचडीआर’चे दर्जे आणले. त्यातल्या सुरुवातीच्या ४०० या दर्जाला ४०० निट्सची चमक लागते, पण पडद्याचे वेगवेगळे भाग वेगळे मंद करता येण्याची सक्ती नाही. काही कंपन्या तर तोही शिक्का न घेता नुसतं ‘एचडीआर १० सपोर्ट’ छापतात. म्हणजे सिग्नल आत येतो. तो धड दाखवता येतोच असं नाही. असल्या मॉनिटरवर विंडोजमधलं एचडीआर चालू केलं की डेस्कटॉप धुऊन वाळत घातल्यासारखा फिका पडतो आणि मग लोक मला फोन करतात. कीबोर्डवरची विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा, बंद होईल. तसंच राहू द्या.

खरं एचडीआर दोन प्रकारांत मिळतं. मिनी-एलईडीत मागच्या दिव्याचे शेकडो भाग असतात, उदाहरणार्थ ५७६ किंवा ११५२, आणि प्रत्येक भाग स्वतंत्र मंद होतो. काळ्या पडद्यावर पांढरा कर्सर फिरवला की त्याच्याभोवती धुरकट वलय फिरतं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, वलयाचा प्रश्नच नाही. रात्री दिवा मालवून खेळायला त्याला तोड नाही. पण दिवसभर तोच टास्कबार आणि तेच मेनू एका जागी राहिले तर डाग कायमचे उमटू शकतात. त्याच्या उपपिक्सेलांची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या तुकड्यांची) मांडणी वेगळी, म्हणून बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची किनार दिसते. आणि अख्खं पान पांढरं असलं की चमक बऱ्याच मॉनिटरांत अडीचशे निट्सच्या आसपास उतरते.

माझी खिडकी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला. चार वाजल्यापासून ऊन थेट टेबलावर. ओलेडचाच एक प्रकार असलेल्या क्यूडी-ओलेडचं काळं अशा उजेडात जांभळट करडं दिसतं, त्याचे पैसे देऊन उपयोग काय? शिवाय दिवसभर समोर पांढरं पान. म्हणून मी मिनी-एलईडी घेतला. काम करताना एचडीआर बंद, खेळताना चालू. खोलीत ऊन येत नसेल आणि मॉनिटर मुख्यतः रात्री खेळायला हवा असेल, तर मी ओलेडच सांगेन.

दुकानात, मग तो मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार लॅमिंग्टन रोड असो की मॉल, कंपनीचा रंगीबेरंगी डेमो बघूच नका. त्यात पोपट आणि फळंच असतात. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स असलेलं काहीतरी लावायला सांगा. खरं काय ते दोन मिनिटांत कळतं. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

केबलचंही बघा. पीसीला डिस्प्लेपोर्ट लावा. गेमिंगचा कन्सोल (टीव्हीला जोडतात तो खेळाचा डबा) असेल तर एचडीएमआय २.१ लागेल, आणि नुसत्या आकड्यावर विसंबू नका, फोर-के १२० हर्ट्झ चालतं का ते स्पष्ट विचारा.

आणि हो, “३२ इंची घेऊ का?” हेही विचारता. टेबल दोन फूट खोल असेल आणि भिंतीवर आर्म लावता येत असेल तर घ्या. आपल्याकडच्या वन बीएचकेत कपाटाला जोडून केलेलं दीड फुटी टेबल असतं, त्यावर २७ च्या पुढे जाऊ नका.