कुमानो कोदोची पदयात्रा आणि आईचे जेवण

माझी आई माळकरी आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण ती कित्येक वर्षे चालली आहे. त्यामुळे जपानमधील कुमानो कोदो या डोंगरी तीर्थमार्गावर मार्गदर्शकासह चालायचे ठरले, तेव्हा ताकिजिरीपासून होंगूच्या देवस्थानापर्यंतच्या सुमारे 40 किलोमीटरची मला काळजी नव्हती. व्हिसाही साताऱ्यात बसून तयार केलेल्या कागदपत्रांवर सुरळीत मिळाला.

अडले ते सहल कंपनीच्या जेवणाच्या फॉर्मवर. ‘शाकाहारी’ या चौकटीत मी खूण केली, आगाऊ रक्कम भरली आणि त्यानंतर खालची बारीक ओळ वाचली: सूपमधील दाशी वगळता येणार नाही. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ अर्क. तो बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला मासा, घालून काढतात, आणि तो सूपमध्येच नव्हे, तर शिजवलेल्या भाज्यांतही असतो. मी ताबडतोब ई-मेल पाठवली. नऊ दिवसांनी उत्तर आले, की आपण शाकाहारी असल्याची नोंद झाली आहे. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. ज्यांचा व्यवसायच खेड्यांतल्या मिनशुकूंवर, म्हणजे घरगुती निवासांवर, चालतो, त्यांनी तिथे एक फोन करून विचारू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अखेर पुण्यातील एका जपानी शिक्षिकेकडून मी जपानीत चार ओळी लिहून घेतल्या. त्यात ‘शाकाहारी’ हा शब्दच टाळला: मासा आणि माशाचा अर्क चालत नाही, कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांची दाशी चालते. बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी हे शाकाहारी जेवण याच पद्धतीने रांधतात, त्यामुळे ही मागणी तिथे कोणाला परकी वाटत नाही. दोनच दिवसांत तीनपैकी दोन मुक्कामांचा होकार आला. तिसऱ्या ठिकाणी आम्ही साधा भात मागून घेतला आणि बरोबर नेलेले मेतकूट कालवले. सकाळच्या मिसो सूपमध्येही दाशी असते, हे कळवायला विसरू नये; वाटेसाठी भाताचे गोळे घेताना आत उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घालायला सांगावे. रोख येन जवळ असू द्यावेत.

चिकात्सुयूच्या मुक्कामी घरमालकिणीने जेवणाआधी कोंबूची काळसर पट्टी आणून आईला दाखवली. आईने ती बोटांनी चाचपली, वास घेतला आणि मग सूपची वाटी उचलली.