चोर सोडून संन्याशाला

गाडीचा गिअर पडेनासा झाला की पहिला संशय गिअरबॉक्सवर. साहजिकच आहे म्हणा. हाताशी असतो तो दांडा आणि कर्रकन आवाज येतो तोही तिथूनच. पण बऱ्याचदा हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार असतो.

शहानिशा करायला पाना-पकडसुद्धा लागत नाही. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघायचा. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. मघाशी लोण्यासारखे पडणारे गिअर आता अडून बसले, तर संशय क्लचवर घ्यावा. पेडल पार तळाला गेलं तरी क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, इंजिनापासून पूर्ण सुटत नाही, फिरतच राहते. मग गिअर बसणार कसा? रिव्हर्स सगळ्यात आधी ओरडतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रोनायझरच (गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवून देणारा भाग) नसतो. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, असेल तर पेडल भराभर दोन-तीनदा मारावं. त्यानंतर गिअर मुकाट पडला, तर पाइपात हवा शिरली असेल नाहीतर सिलिंडरचं सील गेलं असेल.

मला जास्त लबाड वाटतो तो घसरणारा क्लच. त्यात गिअर अगदी बिनतक्रार पडतात, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं गुरगुरतं, आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते. जळका वास येईपर्यंत प्लेटचं बरंच काही जळून गेलेलं असतं.

आवाजाचा छडा लावायला मात्र मजा येते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबायचा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. उलट, आधीपासून असलेली घरघर दाबल्यावर थांबली तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून आत शिरणाऱ्या आसाचं, बेअरिंग. तिथे संन्याशीच चोर निघतो!

बाकी सगळे ठीक आणि दुसराच गिअर टाकताना तेवढा खरखरतो, असं असेल तर त्या गिअरच्या सिंक्रोनायझरकडे, म्हणजे सिंक्रोकडे, बघावं. कॅडिलॅक या अमेरिकन मोटार कंपनीने 1928 मध्ये सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रो असलेला गिअरबॉक्स, आणला. त्याआधी खालच्या गिअरवर येताना चालक न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचे, जराशी रेस द्यायचे आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचे. ती जुनी कसरत आजही कामाला येते: तसं केल्यावर तिसऱ्यातून दुसरा निमूट पडला, तर सिंक्रोची रिंग झिजली आहे असं समजायला हरकत नाही.

गंमत म्हणजे दोष क्लच प्लेटचा निघाला तरी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. खरी मेहनत त्या उतरवण्या-चढवण्यातच आहे. म्हणून मेकॅनिक प्लेटबरोबर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलू या म्हणाला, तर लगेच त्याच्यावर डोळे वटारू नयेत.