आंबोलीच्या पावसात न्यायचा कॅमेरा

जून तोंडावर आला की मला एकच प्रश्न विचारणारे फोन सुरू होतात: "आंबोलीला बेडूक-सापांचे फोटो काढायला जायचंय, कॅमेरा कुठला घेऊ?" यंदा पहिला फोन भाचीचा होता. कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करते, शिकवण्या घेऊन साठ हजार साठवलेत. "मावशी, चोवीस मेगापिक्सेल पुरतील का गं?" इथून सुरुवात झाली. तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही आणि पोरं हौसेने पैसे घालून बसतात.

आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलते. तिथे आपल्याला जे बघायचं असतं ते बहुतेक रात्री, धुक्यात आणि ओल्या पानांवर दिसतं. अशा ठिकाणी फोटो चांगला येतो तो उजेडामुळे आणि सामान टिकतं ते कोरडं ठेवल्यामुळे. बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याचा, नंबर त्यानंतर. म्हणून साठ हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे बॉडीवर घालायचे नाहीत, हे मी भाचीकडून आधी कबूल करून घेतलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रात्री बेडकाचा फोटो आपण मॅन्युअल मोडवर काढतो: शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) एफ/११, आयएसओ (सेन्सर उजेड किती पटकन पकडतो ते) २०० किंवा ४००. या सेटिंगला फ्लॅश बंद ठेवून बटण दाबलं तर फोटो काळाकुट्ट येतो. म्हणजे फोटोतला सगळा उजेड फ्लॅशचा असतो. कमी पॉवरला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे पान हललं, हात थरथरला तरी चित्र स्थिर मिळतं. नव्या महागड्या कॅमेऱ्याचं मोठं कौतुक असतं ते आयएसओ ६४०० ला किती स्वच्छ फोटो येतो याचं. आपण तिथवर जातच नाही. २०० ला दहा वर्षांपूर्वीची बॉडीसुद्धा सुरेख फोटो देते.

मेगापिक्सेलचंही तसंच. जवळून फोटो काढताना अ‍ॅपर्चरचा आकडा दिसतो एक आणि परिणाम होतो दुसऱ्याचा. चार सेंटिमीटरचा बेडूक एपीएस-सी सेन्सरवर पुरा भरायचा तर साधारण अर्धपट मॅग्निफिकेशन लागतं, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी, कारण सेन्सरची रुंदी असते बावीस ते साडेतेवीस मिलिमीटर. अर्धपटाला एफ/११ लावलं की प्रत्यक्षात एफ/१६ च्या पुढे गेल्यासारखा परिणाम होतो, एकास एक मॅग्निफिकेशनला तर एफ/२२. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश जाताना पसरतो आणि बारीक तपशील मऊ पडतो. मग सेन्सर चोवीसचा असो की पंचेचाळीसचा, बेडकाच्या पाठीवरचे दाणे तेवढेच दिसणार.

आता उजेडाचं सांगते, आणि इथे जरा थांबून वाचा. बेडकाची कातडी ओली असते. तिच्यावर उघडा फ्लॅश मारला की पाठीवर पांढरेफटक ठिपके उमटतात, डोळ्यात एक टोचरा बिंदू येतो आणि पोटाखाली काळी सावली. मलबारी उडत्या बेडकाचा तो हिरवा रंग उघड्या फ्लॅशमध्ये प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा होतो. ते टाळायचं तर डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा हवा, आणि तो मोठा व जवळ हवा. फ्लॅशच्या तोंडावर बसणारी पांढरी टोपी विकत मिळते. ती लहान असल्यामुळे काही उपयोग होत नाही. टीव्ही-फ्रीजच्या पॅकिंगमध्ये पातळ पांढऱ्या फोमचा कागद येतो ना, त्याचा ए-फोर आकाराचा तुकडा घ्या. फ्लॅशच्या डोक्याला रबरबँडने बांधा आणि पुढे वाकवून लेन्सच्या टोकाच्या वर येईल असा धरून ठेवायला जाड तारेची चौकट करा. फोमला पावसाने काही होत नाही. बेडूक वीस सेंटिमीटरवर असताना त्याच्या डोक्यावर ए-फोर एवढा उजळ पांढरा छत आला की तेवढ्या लहान जिवासाठी ते ढगाळ आकाशच असतं. ठिपके जातात, कातडीचा पोत दिसतो. फोटो मोठा करून डोळ्यात बघा: टोचऱ्या बिंदूच्या जागी एक मऊ चौकोन दिसेल आणि त्याच्या कडेने बाहुलीभोवतीचा सोनेरी रंग जसाच्या तसा. त्या चौकोनाच्या कडा फार कडक दिसत असतील तर मध्ये फोमचा आणखी एक थर लावा.

फ्लॅश साधा मॅन्युअल चालतो. गोडॉक्सचा टीटी६०० माझ्याकडे बरीच वर्षं आहे. चार पेन्सिल सेल लागतात, ते रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे घ्या आणि दोन जोड ठेवा. मात्र फ्लॅश घेण्याआधी बॉडीच्या डोक्यावरचा हॉटशू, म्हणजे फ्लॅश बसवायची पट्टी, डोळ्यांनी बघून घ्या. कॅननच्या २०० डी मार्क टू मध्ये त्या पट्टीच्या मधोमध असणारा गोल संपर्कबिंदूच दिलेला नाही. साधे मॅन्युअल फ्लॅश त्या बिंदूवरच चालतात, म्हणून ते या कॅमेऱ्यावर पेटतच नाहीत. कॅननच्या काही स्वस्त मॉडेलांतही तसंच आहे. पहिल्या २०० डी ला तो बिंदू आहे. नावात फरक एवढासा, पण आपल्या कामासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर.

लेन्स. मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, उत्तमच, पण सुरुवातीला ती लागतेच असं नाही. किटसोबत येणाऱ्या १८-५५ मध्ये साधारण पाव ते एक-तृतीयांश मॅग्निफिकेशन मिळतं, म्हणजे आपला चार सेंटिमीटरचा बेडूक निम्मी चौकट भरतो. सवय करायला तेवढं पुरे. त्यापुढे मी सांगते ते ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी, लांबचं जवळ आणणारी हलकी टेलिझूम आणि तिच्या तोंडावर चिमट्याने बसणारी रेनॉक्सची क्लोजअप लेन्स. लोक डोळे झाकून डीसीआर-२५० घेतात. ती आठ डायॉप्टर ताकदीची आहे, विषय बारा सेंटिमीटरवर यावा लागतो, आणि ती मुंग्या-कोळ्यांसाठी चांगली. बेडकांना डीसीआर-१५० बरी. तिच्यात साधारण वीस सेंटिमीटरचं अंतर मिळतं आणि झूम शंभर मिलिमीटरच्या आसपास ठेवला की बरोबर अर्धपट. दोन्ही ५२ ते ६७ मिलिमीटरच्या तोंडावर बसतात.

पुढे कधी खरी मॅक्रो घ्याल तेव्हा ९० किंवा १००-१०५ मिलिमीटरची घ्या, ६० ची घेऊ नका. माहितीपत्रकात किमान फोकस अंतर तीस सेंटिमीटर लिहिलेलं असतं ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या टोकापासून नाही. बॉडीवर आडव्या रेघेने छेदलेलं लहान वर्तुळ दिसतं, ती सेन्सरची खूण. म्हणजे शंभराच्या लेन्सला एकास एक फोटो घेताना टोकापुढे पंधरा सेंटिमीटरच्या जवळपासच उरतात आणि साठच्या लेन्सला पाच ते दहा. आंबोलीत कारवीच्या फांदीवर मलबारी चापडा वेटोळं घालून बसलेला असतो. तो विषारी आहे आणि जागचा हलत नाही म्हणून माणसं जवळ जवळ सरकत जातात. त्याच्यासाठी तर टेलिझूमच लावा, एक-दीड मीटरवरूनही त्याच्या खवल्यांचा फोटो येतो.

दुसरा विषय ओलाव्याचा. लेन्सच्या आत बुरशी धरते. तिचे धागे काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि काचेवरचा लेप कायमचा खातात. साफ करून देणारे असतात, पण लेपावरचे व्रण जात नाहीत. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की तिचं फावतं, आणि आमच्या सिंधुदुर्गात पावसाळाभर घरातसुद्धा ती ऐंशीच्या वर असते. त्यातून कॅमेऱ्याची बॅग हे बुरशीचं लाडकं घर. आतलं मऊ अस्तर ओल धरून ठेवतं. ट्रेकवरून आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवायचा नाही, बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचा.

पैसे असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या. नसतील तर रबराची कड असलेला, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, शे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक लहान आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. तीसच्या खाली गेला तर रबर आणि आतलं वंगण सुकतं. निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्टचं विषारी मीठ असतं. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी घ्या, तेही रंग बदलून सांगतं. रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त ती कढई परत स्वयंपाकात आणायची नाही. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. तांदळाची पूड फटीत जाऊन बसते आणि ओल म्हणावी तेवढी ओढली जात नाही. कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवायची जुनी रीत मात्र खरी आहे, ऊब राहिली की आर्द्रता उतरते.

एसी गाडीतून आंबोलीत उतरलात तर बॅगची चेन लगेच उघडू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की धुकं धरतं, आणि ते लेन्सच्या आतही धरतं. घाट चढतानाच एसी बंद करा, हा सोपा उपाय.

पावसात बॉडीवर घालायला न्हाणीघरातली शॉवर कॅप पुरते. लेन्सच्या तोंडाला हूड (पुढे येणारी कड) लावाच, थेंब अडतात. पुसायला मायक्रोफायबरचं एकच फडकं नेऊ नका, ते पहिल्या दहा मिनिटांत भिजतं. जुन्या सुती धोतराचे घडी केलेले तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत न्या. कार्ड ६४ जीबीची दोन, व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेली, नामांकित कंपनीची. ट्रायपॉड बेडकांसाठी लागत नाही. कुजक्या लाकडावरची रात्री उजळणारी बुरशी टिपायची असेल तरच न्या, तिथे फ्लॅशचा उपयोग नसतो आणि शटर अर्धा-पाऊण मिनिट उघडं ठेवावं लागतं.

पाण्यात बुडवता येणारा कॅमेरा घेऊ का, असंही भाचीने विचारलं. ऑलिंपसचा टीजी-६ पंधरा मीटरपर्यंत पाणी सोसतो आणि एका सेंटिमीटरवरून फोकस करतो. पावसात त्याच्याइतका निर्धास्त दुसरा नाही. सेन्सर बारीक आहे, १२ मेगापिक्सेलचा, पण अभ्यासाच्या नोंदींना चांगला. तो घेतलाच तर एक गोष्ट पाळायला सांगितली. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात तो बुडवायचा नाही. शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा तिथूनच २०२० मध्ये जगासमोर आला आणि ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. एवढंसं कुंड, त्यात हात आणि उपकरणं घालून गाळ ढवळण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

हीच गोष्ट सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, आंबोली टोड या भेकाची. पहिल्या पावसात जांभ्या दगडावरच्या उथळ डबक्यांपाशी हे लहानगे जमतात, कडेला पिवळसर पट्टे, नर ओरडत असतात. २००९ मध्ये ही जात स्वतंत्र म्हणून नोंदली गेली, अतिसंकटग्रस्त आहे, आणि तिचा प्रदेश फार लहान. त्या वेळी तिथे पाऊल टाकताना आधी टॉर्चने दगड बघा. फोटोसाठी उचलून दुसऱ्या दगडावर ठेवू नका, ओल्या कातडीला आपल्या हाताचं मीठ, डास पळवायचं मलम चालत नाही. एकावर दोन-चार फ्लॅश पुरेत, मग पुढे सरका. टॉर्चही मंद ठेवा. मी टॉर्चच्या तोंडावर फोमचाच तुकडा लावते.

राहिली बॉडी. निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: मागचा स्क्रीन बाहेर येऊन फिरतो का. बेडूक जमिनीवर असतो, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं तर कॅमेरा चिखलाला टेकतो. फिरता स्क्रीन नसेल तर तुम्हालाही गाल टेकावा लागतो, आणि तिथे जळवा असतात. निकॉन डी७२०० फार चांगली बॉडी, पण स्क्रीन जागचा हलत नाही. त्याऐवजी वापरलेला कॅनन ८० डी, २०० डी किंवा निकॉन डी५६०० बघा. कॅननच्या या दोन्हींत स्क्रीनवरून फोकस वेगाने होतो. मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त फ्लॅशने काढताना मेन्यूतला एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद करा, नाहीतर आपल्या सेटिंगला स्क्रीन पूर्ण काळा दिसतो आणि कॅमेरा बिघडला असं वाटून माणूस घाबरतो.

वापरलेलं घ्यायला मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीतून घ्या, पण समोर बसून तपासा. एफ/१६ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतील. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून हळूहळू फिरवत बघा. धुळीचे चार कण दिसले तर चालतात. भाचीसोबत एका दुकानात अशीच बघितलेली ५५-२५० वरून नव्यासारखी होती, टॉर्च तिरका केल्यावर मागच्या काचेच्या काठाला पांढरे केसासारखे धागे दिसले, एकमेकांत गुंतलेले. ती आम्ही परत ठेवली. दुसरी एक स्वच्छ मिळाली, झूमची कडी जरा सैल होती, ती घेतली.

आता तिच्याकडे २०० डी, ती ५५-२५०, डीसीआर-१५०, फ्लॅश आणि डबा आहे. थोडे पैसे उरलेत, ते गमबुटांना आणि चांगल्या हेडलॅम्पला. फोम माझ्याकडून नेणार आहे, शनिवारी येते म्हणाली.