पन्हळीतली पानं

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी शिडी धरून उभी होते. वर एक निवृत्त शिक्षक चर्चच्या पन्हळीतली कुजकी पानं उपसून बादलीत टाकत होते. बादली भरली की मी ती आवाराच्या कोपऱ्यातल्या ढिगावर नेऊन ओतायची. नॉरफोकमधल्या एका गावात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. मी ख्रिश्चन नाही हे त्या गावात सगळ्यांना माहीत आहे, आमच्या गणपतीचे मोदक त्यांनी खाल्लेत. तरी पानगळ संपत आली की मला निरोप येतो आणि मी जाते.

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या या एका जिल्ह्यात मध्ययुगातली साडेसहाशेहून अधिक चर्च आजही उभी आहेत. त्या काळी लोकरीच्या व्यापारानं हा भाग श्रीमंत झाला होता आणि तो पैसा गावोगावच्या चर्चमध्ये ओतला गेला. इथे बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, शेतात सापडतात ते चकमकीचे ओबडधोबड गोटे. तेच चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. शंभरहून अधिक चर्चचे मनोरे तर चक्क गोल आहेत. अशा गोट्यांनी काटकोनी कोपरा साधत नाही म्हणून मनोरा गोल झाला, असं काही जण सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटतंच असं नाही, पण मला पटतं.

ही चर्च सरकार सांभाळतं असं मला आधी वाटायचं. तसं नाही. छपराच्या दुरुस्तीचा पैसा मुख्यतः गावानंच उभा करायचा असतो. अनुदानं मिळतात, पण त्यांचे अर्ज लिहायलाही माणूस लागतो. रविवारच्या प्रार्थनेला दहा-बारा डोकी जमतात आणि इमारत आठशे वर्षांची. म्हणून केक विकायचे, मुरंबे विकायचे, बाकड्यांमध्ये बसून मैफली ऐकायच्या आणि दाराजवळच्या पेटीत नोटा टाकायच्या. एवढं करूनही रात्रीत कोणी छपरावरचा शिशाचा पत्रा चोरून नेतं आणि सकाळी पाऊस थेट आत येतो. धोक्यात असलेल्या वारसावास्तूंच्या सरकारी यादीत प्रार्थनास्थळांची संख्या नऊशेच्या वर आहे.

त्या शनिवारी मी विचारलं, एवढी दोन बादल्या पानं काढून काय होणार? शिक्षकांनी मला आत नेऊन उत्तरेकडच्या भिंतीवरचा हिरवट ओघळ दाखवला. काही वर्षांपूर्वी कावळ्याच्या घरट्यानं पन्हळीचं तोंड बुजलं होतं. पाणी भिंतीत मुरलं, भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक कुजलं, आणि एका हिवाळ्याच्या त्या ओलीनं चौदाव्या शतकातल्या ओकचं हातभर लाकूड कापून नवं जोडावं लागलं. त्याच भिंतीच्या दगडांमधल्या फटी मागच्या पिढीनं भक्कमपणासाठी सिमेंटनं भरल्या होत्या. चुना श्वास घेतो, आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि मग दगड फुटतो. आता ते सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढून पुन्हा चुना भरतायत.

विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिरानं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तेव्हा इंग्लंडात चर्चची ‘सुधारणा’ जोरात होती. जुना गिलावा खरवडायचा, पाडायचं आणि कल्पनेतलं मध्ययुग नव्यानं बांधायचं. मॉरिसचं म्हणणं होतं, रोजच्या निगराणीनं झीज थोपवा, गळकं छप्पर सांधा, कलती भिंत टेकू देऊन सावरा, बाकी हात लावू नका. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या माहेरच्या गावचं देऊळ आठवून रडू आलं. काळ्या पाषाणाचं होतं ते. जीर्णोद्धार झाला. खांबांना ऑइलपेंट लागला, गाभाऱ्यात टाइल्स आल्या, ज्या पायरीवर आजी वाती वळत बसायची ती फोडून ग्रॅनाइट बसवला. वर्गणी सगळ्यांनी मनापासून दिली होती, माझ्या वडिलांनीही. कुणाचं मन वाईट नव्हतं. डागडुजीसाठी वर्गणी मागायला मात्र कधी कोणी आलं नव्हतं, कारण डागडुजी केलेली दिसत नाही आणि तिच्यावर नावाची पाटी लावता येत नाही.

इथेही सगळं जपलं गेलं असं नाही. सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिकाचं प्रोटेस्टंट झालं तेव्हा संतांचे चेहरे खरवडले, भिंती पांढऱ्या केल्या. बिनहॅमच्या चर्चमध्ये लाकडी आडपडद्यावर रंगवलेल्या संतांवर रंग फासून वर बायबलची वचनं लिहिली होती. आता तो वरचा रंग विरत चाललाय आणि अक्षरांच्या मधून जुने चेहरे बाहेर डोकावतात. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते.

आणि हॉटन-ऑन-द-हिलचं सेंट मेरी. तिथलं गाव कधीच नाहीसं झालं. चर्च आयव्हीच्या वेलीत इतकं गाडलं गेलं होतं की १९९२ मध्ये ग्लोरिया डेव्ही नावाच्या बाई फिरायला गेल्या तेव्हा ते त्यांना जवळजवळ योगायोगानंच दिसलं. छप्पर नव्हतं आणि आत जादूटोण्याच्या खुणा होत्या. त्यांचे पती बॉब डेव्ही तेव्हा निवृत्त झाले होते. ते वेल तोडायला लागले, रात्रीचा पहारा करायला लागले, रस्ता आणि छप्पर व्हावं म्हणून लोकांच्या मागे लागले आणि मग पुढची अनेक वर्षं जवळजवळ रोज तिथे जात राहिले. भिंतीचा वरचा गिलावा सुटला तेव्हा खालून साधारण १०९० सालची चित्रं निघाली. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत त्यांची गणना होते. एका माणसानं कोयता हातात घेतला नसता तर ती पावसात धुऊन गेली असती.

प्रार्थना थांबलेली चर्च वाचवायला १९६९ साली एक राष्ट्रीय निधी स्थापन झाला. साडेतीनशेहून अधिक चर्च आज त्याच संस्थेकडे आहेत. नॉरिच शहरात तर एका जुन्या चर्चमध्ये कठपुतळ्यांचं नाट्यगृह चालतं. मुलं आरडाओरडा करतात, छप्पर तापतं, भिंती कोरड्या राहतात. मला यात काहीच अपवित्र वाटत नाही.

आमच्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या गटात एक ऐंशी वर्षांच्या आजी आहेत. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे चर्च आहेत का? मी गोव्याचं सांगितलं, वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च सांगितली आणि मग १७३९ सांगितलं. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी घरी आणल्या. एक भीमाशंकराला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर तिसरी आहे, १७०७ साली ओतलेली. त्या वितळवून तोफा करता आल्या असत्या. देवळात टांगल्या म्हणून आजही आहेत.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आमच्या घंटा सांभाळताय.” पोर्तुगीजांच्या होत्या त्या, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

वाईच्या मावसभावाकडून मेणवलीच्या घंटेचा फोटो मागवला. तो आता मनोऱ्याच्या जिन्यापाशी दोऱ्यांच्या शेजारी टाचणीनं लावलाय आणि खाली आजींच्या वळणदार अक्षरात गावाचं नाव आहे. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा तिचा आवाज रेकॉर्ड करून आण, असं त्यांनी मला बजावून ठेवलंय.