मेणकागदावर कोरीव दार: माझा अनुभव

गॉथिक चर्चच्या दारावरची शिल्पं टिपायला मी फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांची १८५१ची मेणकागदाची रीत, म्हणजे मेण मुरवलेल्या कागदावर निगेटिव्ह घेण्याची रीत, वापरतो. त्याच साली फ्रान्सच्या सरकारी आयोगाने जुन्या वास्तू टिपायला पाच छायाचित्रकार धाडले, त्यांत तेही होते. कागद घरी तयार करून सुकाच नेता येतो. ओल्या कलोडियनच्या रीतीत काच ओली असतानाच सगळं उरकावं लागतं; तसा अंधारा तंबू इथे सोबत वागवावा लागत नाही.

पातळ कागद गरम थाळीवर शुद्ध मेणात भिजवायचा आणि टीपकागदांत घालून इस्त्री फिरवायची. वरची चमक पुरती जायला हवी. राहिली, तर तिथे रसायन शिरत नाही आणि नंतर ठिपके उठतात. मग तांदळाच्या लिटरभर पेजेत ४० ग्रॅम दुग्धशर्करा, १५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ४ ग्रॅम ब्रोमाइड आणि आयोडीनचे एक-दोन कण. त्यात कागद तासभर. सुकला की जांभळट दिसतो. पुढे लाल दिव्याखाली १०० मिलिलिटर पाण्यात ७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि ८ मिलिलिटर असेटिक आम्ल. जांभळा रंग पुरता उडाला की काढायचा. इथे घड्याळापेक्षा रंगावर भरवसा ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा खळबळून सुकवायचा. यात कसर केली, तर ठेवल्याठेवल्या काळवंडतो.

दारापाशी पंचाईत उजेडाची. एक्स्पोजर वीस मिनिटांचं घेतलं, तर तेवढ्यात सूर्य ५ अंश सरकतो आणि तिरप्या उन्हातल्या मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्यांच्या सावल्या पुसट होतात. पातळ ढग आल्याशिवाय मी लेन्सचं झाकण काढतच नाही. कागदाला निळा प्रकाश तेवढा कळतो, त्यामुळे पिवळट दगड वाटतो त्याहून गडद येतो आणि आकाश छापात कोरं राहतं. वरचे संत चौकटीत यावेत म्हणून कॅमेरा कलवू नये, खांब आत झुकतात. लेन्स बसवलेली कॅमेऱ्याची पुढची पाटी वर सरकवावी. आर्लच्या सां-त्रोफीम मठाची ओवरी एका निगेटिव्हमध्ये मावेना, तेव्हा त्या पाच छायाचित्रकारांपैकीच बाल्डुस यांनी दहाएक जोडून ती उभी केली.

डेव्हलपिंगला गॅलिक आम्ल, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब, एक ते तीन तास. द्रावण चहासारखं तपकिरी झालं की ओतून नवं घ्यायचं, नाहीतर सावल्यांवर गाळ बसतो. मूर्तीच्या हनुवटीखालची चुणी दिसू लागली की बस्स. पिवळेपणा जाईतो हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), मग भरपूर धुणं. सुकलेला कागद मळकट, रवाळ दिसतो, पण घाबरू नये. पुन्हा हलकी इस्त्री फिरवली की मेण वितळून पसरतं आणि खिडकीसमोर धरल्यावर दगडावरच्या छिन्नीच्या खुणाही मोजता येतात.